मीठ कुणीच पेरलं नव्हतं

पोस्ट लांब आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, रात्री जेवणं झाल्यावर निवांत वाचा.

गेल्या आठवड्यात मी सीमेवरच्या तणावाची एक बातमी शेअर केली होती. वर माझी स्वतःची एक ओळही नव्हती. तिच्याखाली आपल्याच गावातल्या एका मुलानं कमेंट टाकली, "सर, आता त्यांचं कार्थेज करायला पाहिजे. जाळायचं आणि वर मीठ पेरायचं. रोमन लोकांनी केलं तसं." संध्याकाळपर्यंत त्या कमेंटला माझ्या बातमीपेक्षा जास्त लाइक पडले होते.

मुलगा ओळखीचा आहे. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो, कष्टाळू आहे. मी त्याच्यावर चिडलो नाही. चिडायचा मला हक्कही नाही, कारण ते मीठ त्यानं माझ्याच लेखातून उचललेलं असू शकतं.

आठ-नऊ वर्षांपूर्वी एका रविवारच्या पुरवणीत मी 'निर्णायक विजय' असल्या काहीतरी विषयावर लिहिलं होतं आणि शेवट दणदणीत हवा म्हणून कार्थेजच्या मिठानं केला होता. सोमवारी सकाळी सातला फोन वाजला. मला हायस्कूलला इतिहास शिकवणारे सर, तेव्हा निवृत्त झालेले.

"लेख वाचला. ते मीठ कुठून आणलंस?"

"सर, ते सगळीकडे आहे."

"सगळीकडे म्हणजे कुठे? त्या काळाच्या जवळपासचा एक लेखक सांग. एकच."

शोधून सांगतो म्हणालो. आजपर्यंत सांगू शकलेलो नाही, कारण तसा लेखक नाहीच. कार्थेज पडलं इ. स. पू. १४६ मध्ये. त्याबद्दल ज्या ग्रीक आणि रोमन लेखकांनी लिहिलं त्यातल्या एकाच्याही लिखाणात मीठ नाही. ही गोष्ट अलीकडची आहे. १९३० साली केंब्रिजच्या एका जाडजूड इतिहासग्रंथात ती छापली गेली, तिथून ती आणखी पुस्तकांत गेली आणि पुढे आमच्यासारख्यांच्या रविवार पुरवण्यांत. १९८६ मध्ये रिडली नावाच्या अभ्यासकानं तिचा माग काढला तेव्हा मुळाशी काहीच सापडलं नाही.

शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या माणसाला तर हे आधीच खटकायला हवं होतं. कार्थेजभोवतीची ती जमीन, म्हणजे आजचा ट्युनिशिया, पुढे रोमचं धान्याचं कोठार झाली. खारवून नापीक केलेल्या शिवारातून कुणी शेकडो वर्षं गहू नेत नाही. आणि जागा तरी कुठे ओसाड राहिली? सीझर आणि ऑगस्टसच्या काळात त्याच ठिकाणी रोमन कार्थेज उभं राहिलं आणि साम्राज्याच्या पश्चिम भागातल्या सगळ्यात मोठ्या शहरांपैकी एक झालं.

पण मीठ खोटं म्हणून कार्थेजचा नाश खोटा नाही. शहर जाळलं, माणसं विकली, हे सगळं झालं. सरांच्या फोननंतर मी मिठाच्या मागे लागून वाचत गेलो आणि मला जे सापडलं ते मिठापेक्षा वाईट होतं. कार्थेज आधी तहाच्या भाषेत मारलं गेलं, तलवारी नंतर आल्या. माझा सगळा धंदा शब्दांचा, म्हणून असेल, पण हे माझ्या डोक्यातून जात नाही.

रोमन लोक स्वतःकडे कसे बघायचे, ते आधी बघू. 'आपण शब्दाचे पक्के' हा त्यांचा सगळ्यात मोठा अभिमान. दिलेला शब्द आणि त्यावरचा भरवसा, या दोन्हीला मिळून त्यांच्याकडे एक शब्द होता, 'फिदेस'. ती नुसती कल्पना नव्हती, देवता होती. रोमच्या कॅपिटोल टेकडीवर, ज्युपिटरच्या देवळाशेजारी तिचं देऊळ होतं. तह ब्राँझच्या पत्र्यावर कोरून याच टेकडीवर ठेवायचे. पॉलिबिअस हा ग्रीक इतिहासकार सांगतो की कार्थेजबरोबरचे तह असेच कोरून जपून ठेवलेले होते आणि पहिल्या तहाची लॅटिन इतकी जुनी होती की जाणकार रोमनांनाही ती नीट लागत नव्हती.

युद्ध सुरू करायचंही शास्त्र होतं. त्यासाठी 'फेशिआलेस' नावाचं पुरोहितांचं मंडळ होतं. त्यांच्यातला एक शत्रूच्या हद्दीवर जायचा, देवांना साक्षीला ठेवून रोमची तक्रार आणि मागणी मोठ्यानं सांगायचा. वाटेत भेटेल त्या पहिल्या माणसाला सांगायचा, वेशीवर सांगायचा, बाजारात सांगायचा. मग महिनाभर थांबायचं. मागणी मान्य झाली नाही तर परत जाऊन हद्दीपलीकडे भाला फेकायचा. मगच युद्ध न्याय्य ठरणार.

रोमची हद्द समुद्रापार गेली तेव्हा अडचण आली, भाला फेकायला एवढ्या लांब कोण जाणार? त्यावर त्यांनी काढलेला तोडगा जुन्या टीकाकारानं नोंदवलाय. पिऱ्हसशी लढाई होती तेव्हा त्याच्या एका पकडलेल्या सैनिकाला रोममध्येच जमिनीचा तुकडा विकत घ्यायला लावला. झाली ती शत्रूची भूमी! आता भाला तिथेच फेका. आपल्याकडे सातबाऱ्यावर नाव चढवून काय काय साधता येतं हे आपण बघतोच, पण कागदोपत्री शत्रुराष्ट्र तयार करण्याची ही युक्ती वाचून मी एकटाच हसलो होतो.

मात्र हे सगळं नाटक होतं असं समजू नका. दोन गोष्टी सांगतो.

इ. स. पू. २१६. कॅनीच्या लढाईत हॅनिबलनं रोमन सैन्याची अक्षरशः कत्तल केली. हजारो कैदी त्याच्या हातात. त्यांची सुटका पैसे घेऊन करायची तयारी त्यानं दाखवली आणि बोलणी करायला दहा कैद्यांना रोमला पाठवलं, 'परत येऊ' अशी शपथ घालून. त्यातला एक महाभाग छावणीबाहेर पडला, 'काहीतरी विसरलं' म्हणून लगेच परत आत गेला आणि पुन्हा निघाला. त्याचं म्हणणं, मी परत गेलो होतो की! शपथ फिटली. आता रोमची अवस्था बघा. सैन्य संपलेलं, घराघरात सुतक, एकेक माणूस मोलाचा. तरी पॉलिबिअस सांगतो की सिनेटनं कैद्यांची खंडणी द्यायला नकार दिला, नऊ जण शपथेप्रमाणे परत गेले आणि या दहाव्याला बांधून हॅनिबलकडे पाठवण्यात आलं. शपथेच्या शब्दाशी असला खेळ चालणार नाही.

दुसरी गोष्ट इ. स. पू. १८८ ची. रोममध्ये आलेल्या कार्थेजच्या वकिलांना (वकील म्हणजे कोर्टातले नव्हेत, पेशवाईत राजदूताला म्हणायचे ते) दोन रोमन तरुणांनी मारहाण केली. दोघेही घरंदाज. कार्थेज तेव्हा हरलेलं, काही करू शकत नव्हतं. तरी रोमनं त्या दोघांना पुरोहितांमार्फत कार्थेजच्या वकिलांच्याच ताब्यात दिलं आणि ते त्यांना कार्थेजला घेऊन गेले. वकिलाच्या अंगाला हात लावायचा नाही म्हणजे नाही, मग तो शत्रूचा का असेना.

हे रोम लक्षात ठेवा. आता त्याच रोमनं ३९ वर्षांनंतर त्याच कार्थेजचं काय केलं ते बघू.

सुरुवात इ. स. पू. २०१ च्या तहापासून होते. झामाच्या लढाईत हॅनिबल हरला होता. तहाच्या अटी कडक होत्या. दहा सोडून सगळी लढाऊ जहाजं द्यायची, हत्ती द्यायचे, ५० वर्षांत १०,००० टॅलेंट चांदी भरायची. आफ्रिकेबाहेर युद्ध करायचंच नाही आणि आफ्रिकेत रोमच्या परवानगीशिवाय करायचं नाही. इथपर्यंत ठीक, हरलेल्याला हे भोगावंच लागतं. खरी मेख पुढच्या कलमात होती. शेजारच्या न्युमिडियाचा राजा मॅसिनिसा रोमचा मित्र होता. त्याच्या किंवा त्याच्या पूर्वजांच्या मालकीचं जे जे काही असेल ते कार्थेजनं त्याला परत द्यायचं. हद्द? ती नंतर ठरवली जाईल.

आपल्या तालुक्यात कुठल्याही माणसाला विचारा, चतुःसीमा न लिहिलेल्या खरेदीखताचं काय होतं. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, हे कोरं ठेवून सही केलीत तर शेजारी दरवर्षी बांध कोरणार. मॅसिनिसानं तेच केलं. पन्नास वर्षं केलं. आज हा सुपीक पट्टा, उद्या ती बंदरं. कार्थेजला हत्यार उचलायची परवानगी नाही, म्हणून ते रोमकडे तक्रार घेऊन जायचं. रोमहून शिष्टमंडळ यायचं, पाहणी करायचं आणि निकाल एकतर मॅसिनिसाच्या बाजूनं लागायचा किंवा लागायचाच नाही.

कार्थेज मात्र तह पाळत राहिलं. इतकं की दहाच वर्षांत, इ. स. पू. १९१ मध्ये, 'उरलेली सगळी खंडणी एकरकमी भरतो' म्हणाले. रोमनं नको म्हटलं, हप्त्यानंच भरा. बँकेचं कर्ज मुदतीआधी फेडायला गेलेल्यांना हा अनुभव असेल, पण इथे कारण व्याजाचं नव्हतं. हप्ता चालू तोवर अंकितपणा चालू. पन्नासावं वर्ष संपलं इ. स. पू. १५१ मध्ये आणि रोममध्ये काहींना खरी काळजी तिथूनच लागली.

त्यात कॅटो. म्हातारा, करारी, जुन्या वळणाचा. एका शिष्टमंडळातून कार्थेजला गेला आणि हरलेलं शहर पुन्हा भरभराटलेलं पाहून हादरून परत आला. त्यानं सिनेटमध्ये ताजं अंजीर दाखवलं आणि हे जिथे पिकतं तो देश इथून समुद्रानं तीन दिवसांवर आहे असं सांगितलं, ही गोष्ट प्लुटार्क देतो. त्यानंतर विषय कुठलाही असो, भाषणाचा शेवट एकच, कार्थेज नष्ट झालं पाहिजे. हे सगळ्यांना माहीत असतं. कमी लोकांना माहीत असतं ते हे, की त्याच सिनेटमध्ये स्किपिओ नासिका नावाचा माणूस प्रत्येक वेळी उठून उलट सांगायचा, कार्थेज राहिलं पाहिजे. तो काही शांतिदूत वगैरे नव्हता. त्याचा हिशेब व्यवहाराचा होता. समोर कुणीतरी तगडा असल्याचा धाक आहे म्हणून आपण शिस्तीत आहोत, धाक गेला की आपण एकमेकांच्या अंगावर जाऊ. कॅटोचं वाक्य शाळकरी पोरांच्या तोंडी आलं, नासिकाचं कुणाला आठवत नाही. एका ओळीत मथळा होतो तेच टिकतं, हे मी वीस वर्षं या धंद्यात बघतोय.

अखेर कार्थेजचा तोल गेला. मॅसिनिसाशी लढाई जुंपली, रोमची परवानगी न घेता. नव्वदीला टेकलेला तो राजा स्वतः मैदानात होता आणि कार्थेज सपाटून हरलं. पण तहाचं कलम मोडलं गेलं होतं आणि रोमला हवं ते मिळालं होतं. घाबरलेल्या कार्थेजनं आपल्याच सेनापतीला देहदंड जाहीर केला आणि वकील रोमला धाडले. आमची चूक झाली, भरपाई काय करू? इथून पुढचा सविस्तर वृत्तांत मुख्यतः अ‍ॅपियन या लेखकाचा आहे, तो साधारण तीनशे वर्षांनंतर लिहीत होता. पॉलिबिअस स्वतः त्या काळातला, पण त्याचे हे भाग तुटक उरलेत.

रोमचं उत्तर आलं, रोमन जनतेचं समाधान करा. म्हणजे नक्की काय करू? उत्तर, ते तुम्हाला चांगलं ठाऊक आहे.

हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. आकडा सांगितला असता तर आकडा भरला असता. अट सांगितली असती तर अट पाळली असती. काहीच न सांगणं ही त्यातली सगळ्यात कडक अट.

इ. स. पू. १४९. रोमनं युद्ध पुकारलं, दोन्ही कॉन्सल सैन्य घेऊन सिसिलीत पोहोचले. कार्थेजच्या वकिलांनी शेवटचा मार्ग पत्करला, बिनशर्त शरणागती. रोमन भाषेत याला म्हणत, स्वतःला रोमच्या 'फिदेस'मध्ये सोपवणं. ऐकायला किती सुरेख! या शब्दानं चाळीसेक वर्षांपूर्वी ग्रीसमधल्या एटोलियन लोकांना फसवलं होतं. रोमच्या भरवशावर स्वतःला सोपवायचं म्हणजे दयामाया होईल, असं समजून त्यांनी मान्य केलं. रोमन सेनापतीनं लगेच अमक्या-तमक्यांना आमच्या हवाली करा असं फर्मावलं. एटोलियनांचा प्रतिनिधी म्हणाला, ही ग्रीकांची रीत नव्हे. सेनापतीनं साखळदंड मागवले. सोपवलंत ना, मग आता रीत आमची.

कार्थेजला सिनेटनं सांगितलं, तुम्हाला तुमचं स्वातंत्र्य, तुमचे कायदे, तुमचा सगळा मुलूख आणि बाकी सार्वजनिक-खासगी मालमत्ता ठेवता येईल. अट एवढीच, तीस दिवसांत ३०० मुलं ओलीस द्या, तीही बड्या घराण्यांतली आणि पुढे कॉन्सल सांगतील ते ऐका.

स्वातंत्र्य, कायदे, मुलूख, मालमत्ता. पुन्हा वाचा. एक शब्द नाही. शहर.

पॉलिबिअस सांगतो की कार्थेजमध्येही काहींच्या हे ध्यानात आलं होतं. यादीत शहराचा उल्लेख कसा नाही? पण तेव्हा मॅगो नावाचा एक जण उठून बोलला. त्याचं सांगणं असं, की हा प्रश्न विचारायची वेळ शरणागती देण्याआधी होती, ती गेली. स्वतःला सोपवून झाल्यावर कॉन्सल काय हुकूम देणार आणि शहराचं नाव का घेतलं नाही, याची चर्चा आता कशाला? सहन करता येईल तोवर ऐकणं एवढंच हातात आहे.

मुलं गेली. बंदरावर आया जहाजांना लटकल्या, काही पाण्यात उतरून मागे पोहत गेल्या, असं अ‍ॅपियन लिहितो.

मग रोमन सैन्य आफ्रिकेत उतरलं. दुसरा हुकूम आला, हत्यारं द्या. रोम तुमचं रक्षण करणार असेल तर तुम्हाला हत्यारं कशाला? तीही दिली. दोन लाख माणसांची शस्त्रं आणि चिलखतं, शिवाय बाण आणि दगड फेकणारी २,००० यंत्रं, गाड्यांमागून गाड्या भरून. आणि मग, हे सगळं ताब्यात आल्यावरच, कॉन्सल सेन्सोरिनसनं तिसरा हुकूम वाचला. शहर सोडा. समुद्रापासून ८० स्टेडिया, म्हणजे सुमारे १५ किलोमीटर आत, तुमच्या मुलखात हवं तिथे नवं गाव वसवा. हे शहर आम्ही पाडणार.

वकील जमिनीवर आपटून घेऊ लागले. तुम्ही शब्द दिला होता! त्यावर सेन्सोरिनसनं दिलेलं उत्तर असं होतं की कार्थेज म्हणजे तुम्ही लोक, ही जमीन नव्हे. तुम्हाला स्वतंत्र ठेवू म्हणालो होतो, ठेवतोच आहोत. शिवाय त्यानं त्यांना समुद्राचे तोटे आणि शेतीचे फायदे समजावून सांगितले. व्यापारावर, बंदरावर जगणाऱ्या शहराला! (धरणात गाव गेलेल्यांनी असली समजूत ऐकलेली असेल. जास्त बोलत नाही.)

आता कॅनीनंतरचा तो दहावा कैदी आठवा. 'मी परत गेलो होतो की.' त्याला बांधून पाठवणाऱ्या सिनेटनं ६७ वर्षांनी अगदी तोच डाव खेळला. फरक एवढाच की कैद्याला स्वतःचा जीव वाचवायचा होता.

पुढची गोष्ट तुम्हाला माहीत असेल. नि:शस्त्र केलेलं ते शहर उलटून उभं राहिलं. गुलामांना मुक्त केलं, देवळांचे कारखाने केले. रोज १०० ढाली, ३०० तलवारी, यंत्रांसाठी १,००० बाण. यंत्रांच्या दोऱ्यांसाठी बायकांनी केस कापून दिले. तीन वर्षं झुंजले. शेवटी धाकट्या स्किपिओनं शहर घेतलं, सहा दिवस गल्लीबोळांतून लढाई चालली, बालेकिल्ल्यातून ५०,००० माणसं बाहेर आली ती गुलाम म्हणून विकली गेली. आग लागलेल्या शहराकडे बघत स्किपिओ रडला. त्यानं पॉलिबिअसचा हात धरला, ट्रॉयची आठवण काढली आणि एक दिवस रोमचंही असं होईल अशी भीती बोलून दाखवली. पॉलिबिअस स्वतः तिथे होता. तोही एकेकाळी ग्रीसमधून ओलीस म्हणून आणलेल्या हजारांपैकी एक.

या पॉलिबिअसनं एक काम करून ठेवलं, त्यासाठी पत्रकार म्हणून मी त्याला नमस्कार करतो. कार्थेजबद्दल त्या वेळी ग्रीसमध्ये लोक काय काय बोलत होते, ते त्यानं चार गटांत लिहून ठेवलं. काही म्हणत, रोमनं शहाणपणा केला, कायमची ब्याद गेली. काही म्हणत, पूर्वी रोम शत्रू नमेपर्यंतच लढायचा, आता नमलेल्यालाही संपवतो, याची सवय झाली तर शेवट वाईट. काही म्हणत, उघड्यावर लढणारे म्हणून ज्यांचा लौकिक त्यांनी एक सांगून एक लपवलं, ही फसवणूक आहे. आणि चौथे म्हणत, फसवणूक कसली? कार्थेजनं स्वतःला बिनशर्त सोपवलं होतं. सोपवलेल्या वस्तूचं मालक काहीही करील, यात ना पाप ना अन्याय.

दोन हजार वर्षांपूर्वीची ही कमेंटची यादी वाचताना वाटतं, आपलंच पेज उघडलंय.

माझं मत विचाराल तर मी तिसऱ्या गटात. पहिल्या गटाशी मी वाद घालू शकतो, चौथ्याची मला भीती वाटते, कारण तो कायद्यानं बरोबर आहे. रोमनं कलम मोडलं नाही. एकही नाही. नीट लिहिलेलं कलम आणि दिलेला शब्द यांत जे अंतर असतं त्या अंतरातून त्यांनी एक अख्खं शहर नेलं.

'मग काय शत्रूला ओवाळायचं का?' असं कुणीतरी खाली लिहिणारच, म्हणून आत्ताच सांगतो. कॅनीनंतर हॅनिबलचा माणूस तहाचं बोलायला येतोय म्हटल्यावर रोमनं त्याला वाटेतच निरोप धाडला, रात्रीच्या आत आमची हद्द सोड. घरात मढी पडलेली असताना! त्या रोमपुढे मी मान झुकवतो. अंगावर आलेल्याशी लढणं वेगळं. १४९ मध्ये समोर होतं ते ५० वर्षं हप्ते भरलेलं आणि स्वतःची हत्यारं स्वतः गाडीत भरून दिलेलं शहर. ही दोन रोम एक नाहीत आणि आपली पोरं दुसऱ्याला बघून पहिल्याच्या नावानं टाळ्या वाजवतात.

शिवाय ते रोमला तरी पचलं का? नऊ वर्षांनी, इ. स. पू. १३७ मध्ये, स्पेनमधल्या नुमान्शियापाशी २०,००० रोमन सैनिक कोंडीत सापडले. नुमान्शियाचे लोक बोलणी करायला एकाच माणसाशी तयार झाले, तरुण टायबेरियस ग्राकसशी. का? तर त्याच्या बापानं पूर्वी त्यांना दिलेला शब्द पाळला होता. त्या जुन्या शब्दाच्या पुण्याईवर तह झाला, २०,००० जीव वाचले. सिनेटनं तो तह फेटाळला आणि तह करणाऱ्या कॉन्सल मॅन्सिनसला उघडा करून, हात बांधून नुमान्शियाच्या वेशीवर नेऊन सोडलं. घ्या तुमचा माणूस, तह रद्द. नुमान्शियानं त्याला घेतलंच नाही. आणखी चार वर्षांनी त्याच टायबेरियसला रोममध्ये भर सभेत बाकांचे तुकडे मारून ठार केलं गेलं. जमावाच्या पुढे होता नासिका. 'कार्थेज राहिलं पाहिजे, नाहीतर आपण एकमेकांच्या अंगावर जाऊ' म्हणणाऱ्या नासिकाचा मुलगा.

जाता जाता एक बातमी, जुनी आहे पण गोड आहे. १९८५ मध्ये रोमच्या आणि कार्थेजच्या महापौरांनी एका तहावर सह्या केल्या. तिसरं युद्ध कागदावर कधी संपलंच नव्हतं, कारण तह करायला दुसरा पक्ष उरला नव्हता. ते तेव्हा संपवलं.

ही पोस्ट टाकायच्या आधी मी त्या मुलाला वाचायला पाठवली. अर्ध्या तासानं त्याचा मेसेज आला, "सर, मिठाचं पटलं. पण मग कार्थेजनं हत्यारं द्यायलाच नको होती ना?"

त्याला मॅगोचा परिच्छेद परत वाच म्हणालोय. निळी टिक आली आहे, उत्तर अजून नाही.